मंत्र, ग्रंथ आणि पंच

हिरण्यकशिपूची कथा आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली असते. माणसाच्या हातून किंवा पशूच्या हातून, दिवसा किंवा रात्रीं, घरांत किंवा घराबाहेर, भूमीवर किंवा आकाशांत, कोणत्याहि शस्त्रानें आपणांस मरण येऊं नये, असा वर त्यानें ब्रह्मदेवाकडून मागून घेतला. एखाद्या निष्णात वकिलानें करावा इतक्या काळजीनें त्या वराचा मसुदा केलेला होता. तरीहि सायंकाळीं, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनीं नरसिंहानें त्याचा प्राण घेतला, तेव्हां वराचें एकहि अक्षर मोडलें नाहीं. भाविकांच्या दृष्टीनें ह्या कथेचें तात्पर्य निराळें आहे, आणि तें निराळेंच असावें. परंतु माझ्यासारख्या इतिहासाच्या अध्यापकास तींत आणखीहि एक गोष्ट दिसते. ती ही कीं, अलौकिक सामर्थ्य एकदां शब्दांत बांधलें म्हणजे त्या शब्दांचा अर्थ कोणीं लावावयाचा हा प्रश्न लगोलग उभा राहतो. आणि मसुदा कितीहि चांगला केला तरी तो प्रश्न टळत नाहीं.

हा प्रश्न गेल्या वर्षीं माझ्या घरीं, तोहि जेवणाच्या टेबलावर, अगदीं अनपेक्षित रीतीनें उपस्थित झाला. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. तो व त्याचे चार मित्र-मैत्रिणी दर रविवारीं सायंकाळीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा अमेरिकन खेळ खेळतात. ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. ह्यांत बुद्धिबळासारखी हार-जीत नसते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो; कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एकजण मात्र पात्र न घेतां सर्व सृष्टि आपल्या मुखानें उभी करतो: येथें भुयार आहे, तेथें दरवाजा आहे, दाराआड राक्षस आहे. खेळाडूंनीं आपलें पात्र काय करतें तें सांगावें. यशाबद्दल शंका असेल तेथें फांसे टाकावे. आणि निकाल त्या एकानें जाहीर करावा. ह्या सूत्रधारास मूळ ग्रंथांत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मी त्यास सोयीसाठीं पंच म्हणतों. ह्या मंडळींत पंचाचें काम माझ्या भाच्याकडे होतें.

त्या रविवारीं मंडळी दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा एका लांबच लांब भुयारांत होती. समोर साठ फुटांवर शत्रु दिसतांच एका मुलीच्या मांत्रिकानें त्यांच्यावर अग्निगोलाचा मंत्र सोडला. शत्रु भस्म झाले. पण भाच्यानें पुढें जाहीर केलें कीं, अग्नीस बाजूला व वर पसरण्यास जागा न मिळाल्यामुळें तो भुयारांतून दोहोंकडे धांवला आणि मांत्रिकासह सर्व मंडळी होरपळून निघाली. दोन वर्षें जोपासलेलें तें पात्र त्या एका वाक्यानें मेलें. मुलीनें ग्रंथ उघडून दाखविला: अग्निगोलाची त्रिज्या वीस फूट. भाचा म्हणाला, “पंचाचा निर्णय अखेरचा असतो.” तिनें आपले फांसे पिशवींत भरले आणि ती निघून गेली. पुढल्या रविवारीं कोणीच आलें नाहीं. तेव्हां भाचा माझ्या खोलींत येऊन म्हणाला, “मामा, तुम्ही इतिहास शिकवतां. माझें चुकलें का, तें सांगा.” मला त्या खेळांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. उत्तर देण्यासाठीं जें वाचावें लागलें, त्यांतून हा लेख झाला आहे.

ह्या प्रकरणाचें मूळ जादूंत नसून प्रशियाच्या सैन्यांत आहे, हें कळलें तेव्हां माझें मलाच आश्चर्य वाटलें. इ. स. १८१२ सालीं फॉन रायस्वित्स नांवाच्या एका प्रशियन सरदारानें आपल्या राजासाठीं युद्धाच्या खेळाचा एक मोठा मेज तयार केला. त्याच्या मुलानें, जो सैन्यांत अधिकारी होता, तो खेळ सुधारून १८२४ सालीं प्रसिद्ध केला. १ : ८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, नुकसान ठरविण्यासाठीं फांसे व कोष्टकें, आणि दोन्ही पक्षांचे हुकूम घेऊन परिणाम सांगणारा पंच, अशी त्याची रचना होती. सेनाप्रमुख फॉन म्युफ्लिंग ह्यानें सैन्यांत त्याचा पुरस्कार केला. पण पुढें कोष्टकें वाढत गेलीं आणि पंचाचा सर्व वेळ हिशेबांत जाऊं लागला. अखेर १८७६ सालीं फेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनानीनें असें प्रतिपादन केलें कीं, कोष्टकें बाजूस ठेवावीं व अनुभवी पंचानें आपल्या बुद्धीनें निकाल द्यावा. तेव्हांपासून नियमबद्ध खेळ व मुक्त खेळ असे दोन पंथ झाले.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मुक्त पंथाच्या पंचावर इतरांनीं विश्वास ठेवावा ह्यास सबळ कारण होतें. १८७०-७१ चें फ्रान्सबरोबरचें युद्ध नुकतेंच होऊन गेलें होतें. तोफेचा गोळा किती दूर जातो, चिखलांत घोडदळाची काय गत होते, हें पंचानें व खेळणाऱ्या अधिकाऱ्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. निर्णयाविषयीं वाद झालाच, तर खेळाच्या बाहेर असलेल्या एका वस्तूकडे, म्हणजे खऱ्या युद्धाकडे, बोट दाखवितां येत असे.

ही परंपरा अमेरिकेंत चार्ल्स टॉटन ह्याच्या १८८० सालच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ ह्या ग्रंथानें नेली. जवळजवळ नव्वद वर्षांनीं मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली ह्या युद्धखेळाच्या शौकिनाच्या हातीं तो ग्रंथ पडला. त्यावरून त्यानें १८६९ नव्हे, तर आपल्या काळांत, १९६९ सालीं, ‘ब्राऊनस्टाईन’ ह्या कल्पित जर्मन गांवाचा खेळ रचला. त्यांत प्रत्येकास पलटण न देतां एकेका व्यक्तीची भूमिका दिली आणि काय वाटेल तें करून पाहण्याची मोकळीक ठेवली. त्या खेळांतील एक खेळाडू डेव्ह आर्नेसन ह्यानें तीच पद्धति ‘ब्लॅकमूर’ नांवाच्या अद्भुत प्रदेशास लावली. दरम्यान विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा ह्या गांवच्या गॅरी गायगॅक्सनें जेफ पेरेन ह्याच्यासह मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे ‘चेनमेल’ नांवाचे नियम १९७१ सालीं छापले होते, आणि त्यांस शेवटीं राक्षस, परी व मांत्रिक ह्यांच्याविषयींचें एक परिशिष्ट जोडलें होतें.

त्या परिशिष्टांतील मांत्रिकाकडे नीट पाहिलें म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. तो दोन प्रकारचा मारा करूं शकतो, अग्निगोल व विद्युत्पात. पहिल्याच्या माऱ्याचें क्षेत्र मोठ्या गोफणयंत्राएवढें व दुसऱ्याच्या माऱ्याचें क्षेत्र जड मैदानी तोफेएवढें ठरविलें आहे. म्हणजे हा मांत्रिक पायांनीं चालणारी तोफच होय. उघड्या मैदानावर, शेंकडों शिपायांच्या मध्यें, एवढ्यानें भागत होतें. कारण तोफेविषयींच्या प्रश्नांचीं उत्तरें तोफेकडे पाहून देतां येत. गायगॅक्स व आर्नेसन ह्यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन लहानशा पुस्तिका काढल्या, तेव्हां मात्र ही तोफ भुयारांत शिरली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,००० होत्या, पण त्यांनीं उठविलेल्या प्रश्नांची गणतीच नव्हती. बंद जागेंत अग्नि कसा वागेल? भिंतीवर आपटलेली वीज कोठें जाईल? एकदां म्हटलेला मंत्र पुन्हां म्हणतां येतो कीं नाहीं? ह्यांपैकीं कशाचाहि अनुभव पृथ्वीतलावर कोणास नव्हता. खऱ्या युद्धाकडे बोट दाखविण्याची सोय येथें संपली.

मग ह्या प्रश्नांचीं उत्तरें कशाच्या आधारें द्यावयाचीं? माझ्या वाचनांत तीन आधार आले: निसर्गाशीं असलेलें साम्य, ग्रंथाचें अक्षर, आणि ग्रंथकाराचा शब्द. ह्या खेळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास ह्या तिहींच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

प्रथम निसर्गाचा आधार पाहूं. १९७४ च्या पुस्तिकेंत, अरुंद जागेंत अग्निगोल त्या जागेचा आकार घेतो, एवढेंच सुचविलें होतें. १९७८ सालीं गायगॅक्सनें खेळाडूंसाठीं जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या सूचनेचें गणित झालें: अग्नि आपलें घनफळ कायम ठेवून पसरतो, आणि तें घनफळ सुमारें ३३,००० घनफूट आहे. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचें घनफळ काढून पाहिलें तर हा आंकडा कसा आला तें शाळेंतला मुलगाहि सांगेल. आतां आमच्या भुयाराचा छेद शंभर चौरस फूट. म्हणून अग्नि ३३० फूट लांब पसरणार, दोहों बाजूंस १६५ फूट. साठ फुटांवर उभा असलेला मांत्रिक वांचणें शक्य नाहीं. विजेचेंहि तसेंच. दगडी भिंतीमुळें तिला पूर्ण लांबी मिळाली नाहीं, तर ती उलटून सोडणाऱ्याकडे परत येई. ज्यानें मंत्र सोडावयाचा त्यानें आधीं जागा मोजावी, असा ह्या नियमांचा दंडक होता. भूमितींत कच्चा असलेला मांत्रिक त्या काळीं फार दिवस जगत नसे.

ग्रंथाच्या अक्षराचें महत्त्व इच्छापूर्तीच्या मंत्रांत विशेष दिसतें, आणि येथें आपल्या हिरण्यकशिपूची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १९७८ च्या ग्रंथांत हा मंत्र सर्वांत वरच्या, म्हणजे नवव्या श्रेणीचा आहे. मांत्रिकानें इच्छा बोलावी आणि ती फळास यावी. पण ग्रंथकारानें पंचास एक युक्ति शिकवून ठेवली आहे. समजा, कोणी ‘अमुक मनुष्य मेलेला असावा’ अशी इच्छा केली. पंचानें त्या मनुष्यास मारूं नये. इच्छा करणाऱ्यासच अशा भविष्यकाळीं नेऊन सोडावें कीं, जेव्हां तो मनुष्य आपल्या मरणानें केव्हांच मेलेला असेल. अक्षर पाळलें गेलें, आणि इच्छा करणारा खेळांतून बाद झाला. २०१४ च्या नियमांत ही युक्ति सौम्य झाली आहे. आठव्या श्रेणीपर्यंतच्या मंत्राची नक्कल बिनधोक करतां येते. त्यापलीकडे कांहीं मागितलें, तर तो मंत्र जन्मांत पुन्हां म्हणतां न येण्याचा संभव शेंकडा ३३ आहे. जेथें पूर्वीं पंचाचें चातुर्य होतें, तेथें आतां फांसा आला.

ग्रंथकाराच्या शब्दाचा आधार लोकांनीं प्रथम मागितला तो स्मरणाच्या प्रश्नावर. मांत्रिकानें मंत्र पाठ करावा व एकदां म्हटला कीं तो त्याच्या मनांतून पुसला जावा, ही कल्पना गायगॅक्सनें जॅक व्हॅन्स ह्या कादंबरीकाराच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ ह्या पुस्तकावरून घेतली. परंतु १९७४ च्या पुस्तिकांत ती इतकी त्रोटक होती कीं ठिकठिकाणच्या मंडळांनीं निरनिराळे अर्थ लावले. कोणी तर मांत्रिकास शक्तीचे गुण देऊन ते खर्च करण्याची पद्धति काढली. तेव्हां एप्रिल १९७६ मध्यें गायगॅक्सनें ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकांत स्वतंत्र लेख लिहून आपला आशय उघड केला. मंत्र प्रभावी असावा, पण विरळ असावा. नाहींतर योद्ध्यांनीं खेळावयाचें कशाला, असा त्याचा मथितार्थ होता. जादूवरील मर्यादा ही खेळांतील सोबत्यांना न्याय मिळावा म्हणून घातलेली आहे, हा मुद्दा मला ह्या सर्व वाङ्मयांत फार मोलाचा वाटला.

पण एका प्रश्नाचें उत्तर दिलें कीं दहा नवे प्रश्न येतात, हा अनुभव त्यासहि चुकला नाहीं. १९७४ सालीं, नियम अपुरे वाटतील तेथें प्रत्येकानें आपल्या मनास येईल तसें ठरवून घ्यावें, असा ग्रंथकारांचा एकंदर उपदेश होता. १९७९ सालच्या पंचांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत तोच गायगॅक्स सर्वत्र एकरूपता असावी असा आग्रह धरूं लागला. ह्यांत दांभिकपणा पाहण्याचें कारण नाहीं. दरम्यान हा खेळ घराघरांतून निघून संमेलनांत गेला होता, तेथें अनोळखी लोकांच्या स्पर्धा होऊं लागल्या होत्या, आणि परक्या गांवच्या मांत्रिकाचा अग्निगोल आपल्या गांवच्या अग्निगोलासारखाच असणें आवश्यक झालें होतें. त्याच वर्षीं ‘द ड्रॅगन’ मासिकांत ‘सेज ॲडव्हाइस’ हें प्रश्नोत्तरांचें सदर निघालें. जीन वेल्स ह्या बाई त्याच्या पहिल्या उत्तरदात्या. पुढें स्किप विल्यम्स ह्यांनीं तें दीर्घकाळ चालविलें. शंका विचारावी, शास्त्र्यानें निर्णय द्यावा, त्या निर्णयावर पुन्हां शंका निघावी, ही परंपरा ज्या समाजांत एकादशीच्या तिथीवरूनहि दोन पक्ष पडतात त्या समाजास नवी वाटावयाची नाहीं.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें प्रश्न मुळांतच खुंटविण्याचा प्रयत्न केला. मंत्राचा परिणाम कसा पसरतो ह्यासाठीं स्वतंत्र संज्ञा ठरवून त्यांच्या व्याख्या केल्या. अग्निगोल हा ‘प्रसार’ ठरला: तो कोपऱ्यावरून वळतो, पण त्रिज्येबाहेर जात नाहीं. घनफळाचें गणित गेलें, उलटणारी वीजहि गेली. २०१४ च्या आवृत्तीनें भाषा पुन्हां साधी केली आणि एक सर्वसाधारण सूत्र घातलें कीं, विशेष नियम सामान्य नियमास बाधतो. आपले वैयाकरण ज्यास उत्सर्ग व अपवाद म्हणत आले, तीच ही व्यवस्था होय.

तरीहि शंका राहिल्याच. २०१४ च्या नियमांत अदृश्य प्राण्यास दोन गोष्टी दिल्या होत्या: तो दिसत नाहीं, ही एक, आणि त्याच्यावर केलेला वार कठीण व त्यानें केलेला वार सोपा होतो, ही दुसरी. दोन्ही वाक्यें वेगवेगळीं लिहिलेलीं. मग ज्यास अदृश्य वस्तु दिसण्याचा मंत्र येतो, त्यासहि त्या प्राण्यावर वार करणें कठीणच काय? अक्षर घेणारे म्हणत, होय. कारण दुसरें वाक्य पहिल्यावर अवलंबून नाहीं. आशय घेणारे म्हणत, समोर स्पष्ट दिसणाऱ्या प्राण्यावर वार करणें कठीण कां व्हावें? दहा वर्षें हा वाद चालला, आणि २०२४ च्या सुधारलेल्या नियमांत, ज्यास तो प्राणी दिसतो त्याच्यापुरता हा लाभ नाहीं, असें वाक्य घालून तो मिटविला. आमच्या कायद्यांत दुरुस्त्या होतात त्याहून ही रीत निराळी नाहीं.

एवढें वाचून झाल्यावर मीं भाच्यास जवळ बसविलें. त्यानें सांगितलें कीं, १९७८ च्या ग्रंथाचें पुनर्मुद्रण त्याच्या पाहण्यांत आलें होतें आणि घनफळाचा नियम त्यास फार आवडला होता. तो त्यास अधिक खरा वाटला. मीं म्हटलें, “तुझा नियम खोटा नव्हता, तो छापलेला आहे आणि गणितानेंहि बरोबर आहे. तिचाहि नियम खोटा नव्हता. तुम्ही ज्या ग्रंथानें दोन वर्षें खेळलां त्यांत तोच आहे. तिच्या हिशेबानें अग्नि चाळीस फूट लांब पसरणार होता, आणि साठ फुटांवरून तो सोडण्यांत तिनें सावधगिरीच दाखविली होती. तूं मात्र कायदा बदललास आणि ती वार्ता तिला निकालाबरोबरच कळविलीस.”

प्रशियाचा पंच कोष्टकें बाजूस ठेवूं शकला, कारण त्याच्या आणि खेळाडूंच्या मध्यें एक समान अनुभव होता. जादूच्या सृष्टींत असा अनुभव नसतो. तेथें अग्नि कसा वागतो हें पूर्वीच्या रविवारीं तो कसा वागला ह्यावरूनच कळावयाचें. म्हणून पंचाचा अधिकार जितका मोठा, तितकी आपल्या मागच्या निर्णयांशीं प्रामाणिक राहण्याची त्याची जबाबदारीहि मोठी. ग्रंथ अपुरा पडणारच. दोनशें पानांचा असो वा हजार पानांचा. त्या अपुरेपणांतून मार्ग काढण्यासाठींच पंच असतो. पण ज्यांच्यावर नियम लागू करावयाचा, त्यांस तो आधीं ठाऊक असला पाहिजे, ही अट खेळांतहि सुटत नाहीं. मोठ्या माणसांच्या व्यवहारांत ती अट किती वेळां सुटते, आणि सुटल्यावर माणसें कशीं आपापले फांसे उचलून निघून जातात, हें इतिहासाच्या अध्यापकानें निराळें सांगावयास नको.

भाचा त्याच संध्याकाळीं त्या मुलीच्या घरीं गेला. मांत्रिक पुन्हां जिवंत झाला. त्या दिवसापुरता अग्नि चाळीस फुटांवरच थांबला असें सर्वांनीं मान्य केलें. नंतर घनफळाचा नियम पुढें चालू ठेवावा कीं नाहीं ह्यावर पांचहि जणांचें मत घेण्यांत आलें, आणि तो ठेवावा असें ठरलें. त्याच्या बाजूनें पहिलें मत त्या मुलीचेंच पडलें. तेव्हांपासून टेबलावर फांशांशेजारीं एक दोनशें पानी वही असते, आणि पंचानें दिलेला प्रत्येक नवा निर्णय तारीख घालून तींत लिहिला जातो. परवां मीं ती सहज चाळून पाहिली. शेवटची नोंद विजेसंबंधीं होती, आणि तिच्याखालीं त्या मुलीच्या अक्षरांत भुयाराची लांबी, रुंदी व उंची ह्यांचा नीट मांडलेला हिशेब होता.